पूजेतला मीटर

खंडेनवमीला आमच्या कंपनीत काम कमी आणि झेंडू जास्त. चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये त्या दिवशी डोकावा, हेच दिसेल. लेथला हार, क्रेनच्या हुकाला हार, पाने-हातोड्यांना हळदकुंकू, आणि साहेबांच्या लॅपटॉपवरही कुंकवाचं एक बोट. मला हा दिवस मनापासून आवडायचा. वर्षभर ज्या यंत्रावर आपण खेकसतो त्याच्यापुढे एक दिवस हात जोडून उभं राहायचं, यात मला शहाणपण वाटायचं. आता तो दिवस जवळ आला की मला नकोसा होतो.

आमची कंपनी व्हॉल्व्ह बनवते. घरातल्या नळाचे नव्हेत, माणसाच्या कवेत मावणार नाहीत असे, जाड पोलादाचे, वाफ आणि पाणी अडवणारे. मी तिथे तपासणीला आहे. माहेर लातूरकडचं, सासर आकुर्डीचं, शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. नाकाच्या शेंड्यावर राग असलेली बाई म्हणून कंपनीत माझी ख्याती आहे आणि ती काही खोटी नाही.

त्या वर्षीची मोठी ऑर्डर युरोपातल्या एका अणुवीज केंद्राची होती. आधीच्या गिऱ्हाइकांनी आम्हाला पोलादाबद्दल विचारलं होतं, यांनी माणसांबद्दल विचारलं. काम धोक्याचं वाटलं तर कामगार ते थांबवू शकतो का? सुरक्षेबद्दल मालक आणि कामगार एका टेबलाशी बसतात का, आणि बसले तर बोलतं कोण? एचआरच्या साहेबांनी हे प्रश्न वाचले आणि आमची सुरक्षा समिती तातडीने उभी केली. एक बाई हवीच होती, म्हणून मला घेतलं. समितीचा फोटो काढून, फ्रेम करून गेटपाशी लावला. बैठक मात्र काही लागेना. मी साहेबांना म्हटलं, "फोटोला हार तेवढा घालू नका, माणसं अजून जिवंत आहेत." ते हसले. माझं सगळं बोलणं त्यांना विनोदच वाटायचं.

माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीत होता आणि नव्हताही. रोज आमच्याच गेटमधून आत यायचा, पण नाव ठेकेदाराच्या एजन्सीकडे. ही एजन्सी वेल्डिंगचे फोटो काढायची. दवाखान्यात हाडाचा एक्स-रे काढतात तसा पोलादाचा, फक्त पोलाद जाड म्हणून किरणंही जबर लागतात. कॅमेरा नावाच्या एका जड पेटीत किरणोत्सारी गोळी असते, तिला सगळे सोर्स म्हणतात. जाड भिंतींच्या बंकरमध्ये व्हॉल्व्हला फिल्म लावायची, माणसांनी बाहेर यायचं, बाहेरून हँडल फिरवून सोर्स नळीतून पुढे ढकलायचा आणि फोटो झाला की परत पेटीत ओढून घ्यायचा. आत पाऊल टाकताना हातात मीटर धरायचा, सोर्स उघडा असेल तर तो ओरडतो. छातीवर बॅज लावायचा. अंगाने किती किरणं घेतली ते बॅज सांगतो, पण नंतर, प्रयोगशाळेत गेल्यावर. आणि दाराच्या वर एक लाल दिवा. एवढ्या तीन गोष्टींवर माझ्या भावाचा जीव होता.

किरणं दिसत नाहीत, भाजत नाहीत, वास नाही, आवाज नाही. म्हणूनच मला त्यांची भीती वाटायची आणि म्हणूनच त्याला वाटायची नाही. "अक्का, तुझी ती उकळती कढई जास्त डेंजर हाय," असं तो मला चिडवायचा.

बंकरची पूजा आमचे मामा मांडायचे. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने हेल्पर, चाकणशेजारच्याच गावचे. बंकरला लागून एक छोटी केबिन आहे, तिथे त्यांनी चौरंग मांडला, त्यावर लाल कापड अंथरलं आणि एजन्सीच्या पोरांकडून एकेक वस्तू मागून घेतली. मी तेव्हा दारात उभी होते.

"मीटर आन आधी. कॅमेऱ्याचं मागनं बघू," मामा म्हणाले. "जे आपला जीव राखतंय त्याला पयला मान."

हे मला इतकं पटलं की मी मान डोलावली. मामांनी चौरंग सजवला आणि वर झेंडूचा असा ढीग रचला की खाली काय काय आहे ते दिसेना. मग बंकरच्या दारावर आंब्याची पानं घालून घसघशीत तोरण बांधलं. नारळ फुटला, आरती झाली. "आता उत्तरपूजा दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी," मामांनी सगळ्यांना बजावलं. "तवर यातलं काय बी हलवायचं न्हाई."

पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणी आम्ही पाटीपुस्तकं पूजेत ठेवून अभ्यासाला सुट्टी घ्यायचो, तेव्हापासून ते अंगात असतं.

दुपारी फोन आला. युरोपचा कंटेनर दसऱ्याच्या सुट्टीआधी निघालाच पाहिजे. एका व्हॉल्व्हचा जोड दुरुस्त केला होता, त्याचा फोटो पुन्हा हवा होता आणि फोटोशिवाय मी तो पास करणार नव्हते. एजन्सीच्या ठेकेदाराने माझ्या भावाला हाक मारली. कॅमेरा हलवल्याशिवाय काम होणारच नव्हतं, तेव्हा भावाने चौरंगाला हात लावून नमस्कार केला, मनात माफी मागितली आणि कॅमेरा तेवढा उचलला. मीटर राहू दिला. दुसरा मीटर तपासणीसाठी बाहेर गेला होता. कॅमेरा नेला हाच त्याला मोठा अपराध वाटत होता, वर आणखी एक कशाला, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

तासाभराने मी वाटीत खोबरं-साखरेचा प्रसाद घेऊन बंकरकडे गेले. खरं तर फोटो झाला का ते बघायला गेले होते, प्रसाद हे निमित्त. दार उघडं होतं. आतून भाऊ कुठलंसं गाणं गुणगुणत होता. तोरण एका बाजूने सुटून खाली घसरलं होतं, ते वर अडकवायला मी हात उंचावला आणि झेंडूच्या फुलांमागे मला लाल उजेड दिसला.

दिवा पेटलेला होता. त्याचा भोंगा सारखा कटकट करतो म्हणून केव्हाच बंद करून ठेवलेला होता. दिवा लाल म्हणजे सोर्स बाहेर, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझं डोकं क्षणभर ते मानायलाच तयार होईना. आत तो गातोय, मग सोर्स बाहेर कसा असेल?

"बाहेर ये," मी म्हटलं. त्याचं गाणं चालूच होतं. वाटी खाली पडली. मग मी अशी ओरडले की लेथवरची माणसं वळून बघायला लागली. "आहेस तसा बाहेर ये. पळ."

तो आला. चेहऱ्यावर हसू होतं, त्याला वाटलं मी प्रसादासाठी बोलावतेय. मी नुसतं दिव्याकडे बोट केलं. त्याने वर बघितलं आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

त्याने दार लोटलं, हँडलपाशी धावत गेला आणि जोर लावून फिरवलं. दोन-तीनदा अडलं. मग आत कुठेतरी खट्ट झालं आणि दिवा विझला. सोर्स पेटीत पोचलाच नव्हता, वाटेत नळीतच अडकला होता. आणि हा आत त्या नळीशेजारी वाकून फिल्म बदलत होता.

"किती वेळ होतास आत?"

"काय की. फिल्म नीट बसंना झालती."

"बॅज होता ना अंगावर?"

त्याने बॉयलर सूटच्या छातीवर हात ठेवला. "हाय की."

त्या दोन शब्दांवर मी पुढचे दिवस काढले.

असं काही झालं की सरकारी नियामकाला लगेच कळवायचं असतं. ठेकेदार आला तो घामाघूम होऊन. "मॅडम, आधीच बोंब कशाला? बॅज तातडीने लॅबला पाठवतो. बॅजमध्ये काही आलं तर बघू." एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. युरोपचे पाहुणे दसऱ्यानंतर येणार होते, कामगारांशी बोलायलाच. "बॅजचं कळेपर्यंत थांबू या," ते म्हणाले. "अहो, तुमचाच भाऊ आहे. एजन्सी बंद पडली तर तो कुठे जाईल?"

मला समितीची बैठक हवी होती, त्याच दिवशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती आणि मी तसं तोंडावर बोललेही. साहेब म्हणाले, बैठकीला सगळे सदस्य हवेत आणि उद्या तर दसरा. गेटवरच्या फोटोत आम्ही सगळे एकदम हजर होतो.

दसऱ्याला भाऊ सोनं द्यायला आकुर्डीला आला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, पाया पडला. भावजय सोबत होती, तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. मी श्रीखंड वाढत होते आणि माझी नजर राहून राहून त्याच्यावर जात होती. मळमळ? नाही. चक्कर? नाही. भूक चांगली होती. "काय नुसती बघायलीस माझ्याकडं," तो पुटपुटला. मी हसले. हसताना गालाचे स्नायू दुखतात हे मला त्या दिवशी कळलं.

बॅजचा निकाल फोनवर आला. बॅज साफ होता. काहीच नाही, घरात बसलेल्या माणसाला असते तेवढीच नोंद. ठेकेदाराने शेडभर पेढे वाटले. साहेब माझ्या टेबलापाशी स्वतः आले. "बघा. उगीच जीव टांगणीला लावून घेतलात."

मी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राहून राहून एकच वाटत होतं: भर पावसात उभा राहिलेला माणूस कोरड्या शर्टाने घरी येतो का?

रविवारी मी त्याला एकट्यालाच जेवायला बोलावलं. वरणभात वाढला. त्याने चमचा मागितला.

आमच्या घरात वरणभात चमच्याने कुणी खाल्लेला मला आठवत नाही. मी चमचा आणला, त्याच्या ताटाशी ठेवला आणि समोर बसले. "हात दाखव."

"तवा लागला, अक्का."

"दाखव म्हणते ना."

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकापाशी लालभडक झाली होती, वाफेने पोळल्यासारखी, आणि कातडी ताणून चकाकत होती. आत वाकला तेव्हा नळी वाकडी वाटली म्हणून त्याने ती चिमटीत धरून सरळ केली होती. ज्या नळीत सोर्स होता तीच.

"मग बॅज साफ कसा?"

त्याने वरणात चमचा फिरवला. मग खाली बघूनच म्हणाला, "बॅज पूजेत होता. सगळ्यांचेच होते. मामा म्हणले ना, जीव राखतंय त्याला पयला मान. मीटरखाली लाल कापडावर मांडले होते. नंतर तिथनंच उचलून दिला."

"मला हाय की म्हणालास."

"तुझं तोंड बघवंना झालतं गं."

मला रडू आलं नाही, राग आला. इतका की ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं. त्याच्यावर, मामांवर, ठेकेदारावर, त्या झेंडूवर. ज्याने जीव राखायचा त्याला आम्ही चौरंगावर बसवलं होतं, फुलांनी झाकलं होतं आणि कामाला मात्र एकट्या माणसाला पाठवलं होतं.

"उद्याच्या उद्या डॉक्टर. आणि हे सांगायचं."

"काम जाईल माझं. एकदा अंगात किरणांचा डोस निघाला की सोर्सला हात लावू देत न्हाईत. मला दुसरं येतंय काय?" त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "अक्का, कमिटीत बोलू नको. तुला शपथ हाय माझी."

स्वतःच्याच जिवाची शपथ मला घालणारा तू कोण, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "मी नाही बोलणार," मी म्हटलं. "तू बोलशील."

"मला कोण बोलवतंय तिथं?"

हे मात्र खरं होतं. पण डॉक्टरकडे तो दुसऱ्या दिवशीही गेला नाही. पाहुणे होऊन जाऊ देत, मग जातो, असं म्हणाला.

पाहुणे आले. त्यांत एक उंच, जरा वाकलेला माणूस होता, त्या वीज केंद्रातल्या कामगार संघटनेचा. आयुष्यभर तिथे पाइप फिटिंग केलेलं, हातांवर जुने चट्टे. साहेबांनी त्याला आधी आमचा गेटवरचा फोटो दाखवला. त्याने तो नीट बघितला आणि विचारलं, "यात ठेकेदाराचे लोक कोणते?" साहेब म्हणाले, ते वेगळे.

मीटिंग रूममध्ये एसी जोरात होता. टेबलाभोवती आम्ही समितीचे लोक, मध्ये साहेब, दुभाषे म्हणून. पाहुण्याने पहिलाच प्रश्न टाकला: तुमच्यापैकी कोणी शेवटचं काम कधी थांबवलं?  सगळ्यांचे डोळे पाण्याच्या बाटल्यांवर. मग साहेबांनीच सांगितलं की आमच्याकडे तशी वेळच येत नाही, आणि आली तर आम्ही किती जागरूक असतो ते पाहा, म्हणत खंडेनवमीचा प्रसंग त्यांनी सांगून टाकला. किरकोळ अडचण, तत्काळ बॅज तपासणी, निकाल साफ. फार गुळगुळीत सांगितलं. आपलंच ताट वाढून घेतल्यासारखे ते खुर्चीत मागे टेकले.

"त्या माणसाला भेटता येईल?" पाहुण्याने विचारलं.

"तो आपला कामगार नाही. एजन्सीचा आहे."

माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे. "He is outside," मी म्हटलं. "He is my brother. I bring." आणि परवानगीची वाट न बघता उठले. 

भाऊ बाहेर पायरीवर बसला होता. मी त्याला बोलायला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "चल, तुला भेटायचंय त्यांना." तो माझ्यामागून आत आला. पाहुणा उठून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

भावाने डावा हात पुढे केला.

आपल्याकडे पाहुण्याला कोणी डावा हात देत नाही. साहेबांचा चेहरा पडला. "अरे, उजवा दे, उजवा," ते दातांतून म्हणाले. पाहुण्याने तो डावा हात धरला आणि सोडला नाही. त्याची नजर भावाच्या खिशाकडे गेली, जिथे दुसरा हात दडवलेला होता. तो फक्त थांबला. मी देवाची कधी जेवढी आळवणी केली नसेल तेवढी त्या वेळी मनात माझ्या भावाची केली. काढ, बाबा. काढ तो हात बाहेर.

त्याने हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. बोटांना आता फोड आले होते.

"बॅज अंगावर नव्हता, साहेब," तो म्हणाला. "पूजेत होता. मीटर बी पूजेत होता."

 साहेबांनी भाषांतर केलं नाही. घसा खाकरला, पेन उचललं, ठेवलं. तेव्हा मीच बोलले. पूजा हा शब्द तसाच ठेवला, उत्तरपूजा कशी समजवावी ते कळेना. जमेल तसं सांगितलं, की ज्या वस्तूंनी त्याचा जीव वाचायचा त्यांना आम्ही त्या दिवशी मान देत होतो, म्हणून त्या त्याच्याजवळ नव्हत्या. बोलताना मला वाटत होतं की हा माणूस आता हसेल, आणि हसला तर मी काय करेन याचा नेम नाही.

तो हसला नाही. खुर्ची ओढून भावाच्या शेजारी बसला आणि सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत बोलला. त्यांच्याकडेही सगळ्यात जास्त किरणं ठेकेदाराच्या माणसाच्याच वाट्याला येतात. तिथेही कोणी कोणी बॅज कपाटात ठेवून कामाला जातो, कारण बॅज भरला की काम गेलं. "तुम्ही पूजेत ठेवता," तो म्हणाला, "आमच्याकडे कपाटात." मग साहेबांकडे वळून त्याने विचारलं, "डॉक्टर कुठे आहे?"

पुढचं सगळं भराभर झालं. त्याच दुपारी भावाला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. नियामकाला कळवलं गेलं, बंकरला सील लागलं, एजन्सीचं काम थांबलं आणि कंटेनर तिथेच उभा राहिला. दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा शेडमध्ये माझ्याशी नीट बोलणारी माणसं कमी झाली. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. मामा तेवढे आले. डबा न उघडता समोर बसून राहिले. "तोरान म्याच बांधलं व्हतं," एवढंच म्हणाले.  बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण त्यांचं तोंड बघून गिळून टाकलं.

रक्ताच्या तपासणीला आठवडे लागले. अंगात परवानगीपेक्षा जास्त किरणं गेली होती. यापुढे सोर्सचं काम बंद. पुढे काही आजार होईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. होईलच असं नाही, ते म्हणाले, आणि होणारच नाही असंही नाही. या वाक्याबरोबर आम्ही दोघं जगतो आहोत.

कंपनीत बदल झाले, नाही असं नाही. युरोपवाल्यांनी अटच घातली. समिती आता खरोखर बसते, तिच्यात ठेकेदाराच्या माणसाला खुर्ची आहे, आणि काम थांबवलं म्हणून कोणाला घरी पाठवायचं नाही असं साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. भोंगा दुरुस्त झाला. मागच्या खंडेनवमीला मामांनी मीटरला कुंकू लावू दिलं नाही. "त्यो कामावर हाय," म्हणाले, "त्याला सुट्टी न्हाई." फूल त्यांनी मीटरच्या रिकाम्या खुंटीला वाहिलं.

त्या खुर्चीत माझा भाऊ नाही. एजन्सीने त्याला परत घेतलं नाही आणि आमच्या कंपनीनेही घेतलं नाही. डोस निघालेला माणूस म्हटला की सगळे सहानुभूती दाखवतात आणि दोन पावलं मागे सरकतात. तो आता भाड्याचा टेम्पो चालवतो, कासारवाडीहून चाकणला सुटे भाग पोचवतो. कधीकधी आमच्याच गेटवर माल उतरवतो आणि फोटोकडे बघतही नाही.

त्याच मागच्या खंडेनवमीला संध्याकाळी उजेड असतानाच तो टेम्पो घेऊन आकुर्डीला आला. पूजा माझ्या हातची हवी, असं म्हणाला. मी हार घातला, नारळ दिला, हळदकुंकवाचं ताट पुढे केलं. बोटं बरी झाली आहेत. कातडी नवी आली आहे, गुळगुळीत आणि फिकी. त्याने उजव्या हाताची चिमूट करंड्यात घातली, स्टिअरिंगकडे नेली आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं.

"चिमटीत कुंकू आलंय का गं, अक्का? मला कळंना झालंय."

चिमटीत काहीच नव्हतं. बोटं करंड्याच्या काठालाच लागून आली होती.

"आलं की," मी म्हटलं, आणि त्याचं मनगट धरून हात पुन्हा करंड्यात घातला.